ओ दिली नाही

—मिटू नका, तोंड मिटू नका, ठोकळा निसटेल. हां, असं. डाव्या बाजूला दाढांमध्ये धरलाय ना, तो तसाच धरून ठेवायचा, म्हणजे तुमचा जबडा दुखणार नाही आणि माझं बोटही वाचेल—एकदा एक हवालदार चावला होता मला, अजून वण आहे. भूल चढायला दहा मिनिटं लागतात. वरची उजवी अक्कलदाढ आहे, ती आधी काढू, बाकीचं तोंड मग सावकाश बघू. दुखतंय ते आधी, हा माझा नियम. सिस्टर, दार राहू द्या उघडं, आत कोंडल्यासारखं होतं. तर सुई टोचायच्या आधी काय विचारत होतात तुम्ही—तो फोटो. त्या कडेच्या बाई कोण. गंमत आहे, सगळे मधलीबद्दल विचारतात. ती उंच आहे, रुबाबदार आहे, मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती—आम्ही हेडबाईच म्हणतो तिला, तिच्या नवऱ्यासकट सगळे. आज यायचीय ती पाचला, कवळीचं माप द्यायला, आणि पाचला म्हणजे साडेचारलाच येऊन बाहेर बसणार, शाळेची सवय. तिच्या शेजारी मी. आणि कडेची, जिचा अर्धाच चेहरा दिसतोय, ती पिल्लू. फोटो या फ्रेमला मोठा होत होता, एका बाजूनं कापावा लागला. आता मला कापून कसं चालेल, दवाखाना माझा आहे.

चोपन्न वर्षांची बाई आणि पिल्लू—हसू येतं ना? हसू नका, ठोकळा. नाव मीच ठेवलं. कॉलेजात होतो, वसतिगृहात तिघी एका खोलीत, मी दातांचं शिकत होते आणि सरावाला तोंडं मिळायची नाहीत. हिचं मिळालं. ही कुणाला कशाला नाही म्हणायचीच नाही. खिडकीत उजेडाला बसवलं, आरसा घातला, आणि बघते तर खाली डावीकडे एक दुधाची दाढ. वीस वर्षांच्या घोडीच्या तोंडात. खालून पक्की दाढ उगवलीच नव्हती, म्हणून दुधाची पडली नाही, बसून राहिली—असतं असं एखाद्या घरात, आईचं मुलात उतरतं. शेजारच्या दाढांपेक्षा पांढरी, बुटकी, घासून सपाट झालेली. मी त्याच संध्याकाळी मेसमध्ये बाकावर उभी राहिले आणि सगळ्यांना जाहीर करून टाकलं. ती लालबुंद झाली, पण हसली. तेव्हापासून पिल्लू. लग्नात तिच्या सासूनं विचारलं, पिल्लू का म्हणता—तर तिथेही सांगितलं, नुसतं सांगितलं नाही, तिला तोंड उघडून दाखवायला लावलं. दाखवलं तिनं, शालू नेसून. अशी होती. चांगली होती हो. फार चांगल्या माणसाचं काय करायचं ते आपल्याला कळत नाही, मग आपण त्याला कामाला लावतो.

होती म्हणते कारण आता नाही. दोन वर्षं झाली. डोंगरातच गेली, आमच्याबरोबरच होती. ओठ जड झाला का? गाल? हाताला कळतंय का तुम्हाला, की गाल नुसता लोंबतोय? अजून पाच मिनिटं.

आम्ही तिघी पंचवीस वर्षं जात होतो. दोन महिन्यांतून एक रविवार, पहाटे निघायचं, दिवेलागणीला परत. पाट्या, बाण, झाडावर रंगाचे ठिपके—असल्या वाटा हेडबाईला चालायच्या नाहीत. म्हणायची, त्या वाटेनं सहली जातात. आपण गुरांच्या वाटा धरायच्या, पाण्याच्या वाटा धरायच्या. आता अशा वाटेला फाटे फार, आणि तिथे मोबाईल लागत नाही. त्यावर तोड माझी होती. हे बघा, हे गुलाबी मेण, कवळीचं माप घ्यायला वापरतो ते. एक पट्टी घ्यायची, हातावर मऊ करायची, गोळ्या वळायच्या. उतरताना पुढे मी. फाटा आला की ज्या वाटेनं जायचं त्या वाटेच्या पहिल्या दगडावर एक गोळी चिकटवायची, हिरव्या-करड्यात गुलाबी ठिपका लांबून दिसतो. मध्ये हेडबाई, तिचं नि माझं बोलणं संपत नाही. आणि मागून पिल्लू. ती गोळ्या खरवडून काढत यायची आणि खिशात टाकायची, डोंगरावर कचरा नको म्हणून, आणि खाली आलं की माझ्या हातावर ठेवायची. पट्टीच्या बारा होतात. पंचवीस वर्षं बारा दिल्या आणि बारा परत घेतल्या, एक कधी हरवली नाही तिनं. मागे ती का? कुणीतरी मागे लागतंच. वाटेवर दोघी मावतात बोलत बोलत, तिसरी आपोआप मागे. तीन माणसांत एक नेहमीच जास्त असतं. वळणाआड गेलो की ती हाक मारायची, ए—आणि आम्ही ओ द्यायचो. एवढीच शिस्त. तिनं ए म्हणायचं, आम्ही ओ द्यायची, मग ती गप्प येत राहायची. कधी कधी मी मुद्दाम उशिरा ओ द्यायचे. हाक जरा पातळ व्हायची तिची, तेवढ्यावर आम्ही दोघी हसायचो.

तर त्या दिवशी शेवटच्या फाट्यावरची गोळी तिला दिसलीच नाही. ढग उतरला होता, भलत्या वाटेला लागली, डावीकडे, घळीच्या बाजूला. एवढंच झालं. मी सगळ्यांना हेच सांगितलं—पोलिसांना, तिच्या नवऱ्याला, गावातल्या लोकांना—तेरा गोळ्या होत्या, तेरावी तिला दिसली नाही. कुणाचा दोष म्हणायचा? ढगाचा. चला, आता मोठा करा आ. ही नळी लाळ ओढते, तिला हात लावायचा नाही. दाबल्यासारखं वाटेल, दुखणार नाही. दुखलं तर हात वर करा. म्हणजे मी थांबेनच असं नाही, पण मला कळेल.

अरे वा, घट्ट आहे. तरुण हाड. कुणाकडे दाखवली होती का आधी? नाही ना? बरं केलंत. मला ते आवडत नाही, एका तोंडात दोन हात. त्याचंच तर झालं त्या दिवशी. दुपारी बारा-सव्वाबाराला वर पोचलो, सपाट कातळ आहे तिथे, जेवायला बसलो. पाव, उकडलेली अंडी, आणि पिल्लूनं पेर आणली होती, कच्ची, दगडासारखी. आणि ही बया उजव्या बाजूनं कचकन चावली. तिची उजवी खालची दाढ मी वर्षभर सांभाळत होते, सांगितलं होतं तिकडून मऊसुद्धा चावू नकोस, कॅप बसवू आपण, घाई नाही. म्हटलं, अगं दुखत नाही का? ती हसली, आणि मला दिसलं. कॅप. नवीकोरी. माझी नव्हे. तीस वर्षं जिच्या तोंडात माझ्याशिवाय कुणाचं बोट गेलं नाही, फुकट, एक पैसा घेतला नाही मी कधी, वाटलं तर तिच्या नवऱ्याला विचारा—ती जाऊन दुसऱ्याकडून कॅप बसवून आली होती. आणि वर लपवून पेर खात होती माझ्यासमोर. म्हणजे लपवतही नव्हती, ते आणखी वाईट.

मी विचारलं, का गं? सहज विचारलं. तिनं आधी हेडबाईकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाली, "तुझा हात हलतो गं हल्ली. मागच्या वेळी मी घाबरले. तू कुणाला तरी दाखवून घे ना." माझा गुडघा धरून म्हणाली. हेडबाई समोर अंडं सोलतेय, ती थांबली. तिनं माझ्या हाताकडे बघितलं. दोघी माझ्या हाताकडे बघत होत्या, आणि हातात माझ्या तो पाव. आता तुम्ही सांगा. डोळे उघडा आणि बघा—हा आरसा हलतोय? नाही, तो दिवा हलतोय, त्याचा स्क्रू ढिला आहे, सिस्टरला कधीची सांगतेय. दातांच्या डॉक्टरचा हात हलतो हे बोलायचं असतं का चारचौघांत? एकदा बोललं की झालं. हेडबाईच्या तोंडून शाळाभर, शाळेतून गावभर. या खुर्चीत कोण बसणार मग? मी तिला दात दाखवायला लावले होते सासूसमोर, ते वेगळं, ती गंमत होती, तिनं—

तुटलं. बघा, हललात तुम्ही. हललात म्हणूनच तुटलं. दाढ आली, एक मूळ आत राहिलं. घाबरण्यासारखं काही नाही, होतं कधी कधी, मुळाचा आकडा वळलेला असला की होतं. आता ते उकरून काढायला लागेल, दहा मिनिटं जास्त. खुर्चीचे हात धरा, माझा नाही. बोटं पांढरी पडलीत हो तुमची, एवढं काय? लहान मुलंसुद्धा इतकं करत नाहीत.

काय सांगत होते—हां, मग उतरायला लागलो. हेडबाई गप्प. पंचवीस वर्षांत ती डोंगरात कधी गप्प झाली नव्हती, आणि आता माझ्या मागून चालताना ती माझा हात बघतेय, मला पाठीवर कळत होतं. फाटा आला की मी गोळी चिकटवायचे, आणि ती बघायची, चिकटवताना हलतो का. अकरा फाटे असे आले. मागून पिल्लूची हाक, ए—मी ओ देतेय. काही झालंच नाही अशा आवाजात हाक मारत होती ती, खुशाल. शेवटच्या फाट्याला हेडबाई बुटातला खडा काढायला खाली बसली, आणि मला वाटलं, जरा गंमत करावी. दहा मिनिटांची. घळीकडची वाट दोनशे पावलांवर संपते, मला माहीत होतं, मी गेले होते पूर्वी, पुढे नुसता कडा आणि करवंदीची जाळी. जाईल, वाट बंद बघेल, घाबरेल, परत येईल. मागच्या वेळी मी घाबरले म्हणत होती ना—म्हटलं घाबर जरा नीट. उजवीकडे जायचं होतं, गोळी मी डावीकडच्या दगडावर लावली. मूळ दिसलं, थांबा. लावली म्हणजे—लावावीशी वाटली, असं म्हणत होते मी. माणसाला काय काय वाटतं रागात. हात वर कशाला करताय, दुखायला नको आता.

उजव्या वाटेनं आम्ही पुढे गेलो, ओढ्यापाशी बसलो, थर्मासमधला चहा काढला. ढग आला तो असा आला, की समोरचं झाड गेलं. अगदी पांढरं झालं सगळं. आणि मग हाक आली. ए—लांबून, वरून, डावीकडून. ए हेडबाई. हेडबाईनं कप खाली ठेवला, म्हणाली, ही पिल्लू का गं? मी म्हटलं, गुराखी आहे. पुन्हा आली. ए, कुठे आहात गं—आणि मग नुसतं ए, ए, ए, आमचं नाव नाही, काही नाही, जसं मूल—थांबा, हे टोक आलं हातात—आपण ओ दिली असती तर आवाजाच्या रोखानं आली असती ती. एवढंच करायचं होतं. एक अक्षर. मी चहा प्यायले. हेडबाई ओ द्यायला उठत होती, मी तिचा हात धरून बसवलं, म्हटलं, बस, गुराख्याला ओ दिलीस तर तो गुरं घेऊन इकडे येईल, पाणी गढूळ करतील. पटलं तिला. कुणाला काय पटावं याला काही ताळ नाही. त्यानंतर एक हाक आली ती अशी होती, ए—ए—

काय? काय म्हणालात?

ओ म्हणालात तुम्ही. म्हणजे, ठोकळा तोंडात असला की सगळ्यांचं ओच होतं, दुखलं तरी ओ, नको तरी ओ. पण तुम्ही—डोळ्यांत पाणी आलंय तुमच्या. भूल उतरली का? उतरणार नाही एवढ्यात. असो. आलं मूळ, हे बघा, कसं वळलेलं आहे, उगाच नाही तुटलं. झालं काम. मी काय म्हणत होते—सव्वीस दिवसांनी सापडली ती. घळीत, जाळीखाली. पावसात चेहरा सांगण्यासारखा राहिला नव्हता, तिचा नवरा शवागाराच्या दारातच कोसळला, म्हणून मला बोलावलं. मी आरसा नेला होता माझा. खाली डावीकडे बघितलं आणि म्हटलं, हो, पिल्लूच. उजवीकडची कॅपही बघितली. चांगली बसली होती, खोटं कशाला बोलू. जाकिटाच्या चेनच्या खिशात गोळ्या होत्या, फौजदार म्हणाला हे काय आहे, मोजा. मोजल्या मी. सगळ्या आणल्या होत्या तिनं, चुकारपणा तिला माहीतच नव्हता. थोडक्यात वाचले त्या दिवशी, हिशेबाचा माणूस नाहीये तो फौजदार, मी सांगितलेला आकडा त्यानं लिहून घेतला. चला, ठोकळा काढते आता. सावकाश मिटा, एकदम नको, जबडा अवघडलेला असतो. थांबा, ही दुसरी बाजूही बघून घेते हातासरशी, नंतर पुन्हा फेरी नको तुम्हाला. आ करा. जरा खाली. जीभ बाजूला—

ही कुठली दाढ?

ही तर—

सिस्टर, यांचा कागद कुठे आहे? नाव काय लिहिलंय? राहू द्या. राहू द्या, आणू नका, तिथेच बसा.

पांढरी. बुटकी. तुम्ही—तू परदेशात होतास ना. तेव्हा पोचलाच नाहीस म्हणे, तिकीट मिळालं नाही, पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तुझ्या आईच्या पेटीत तुझा फोटो असायचा, दात पडलेला, आठ-नऊ वर्षांचा. दाढी वाढवल्यावर कसं ओळखणार माणूस. मावशी म्हणायचास मला. सुट्टीत यायचास, या खुर्चीत गोल गोल फिरायचास, हा पाय मारायचा आणि खुर्ची वर, हा मारला की खाली, आणि मी ओरडायचे. बोळा घे. घ्या. असा, दाढेच्या जागी, दाबून धरायचा, रक्त थांबेपर्यंत.

मी जे बोलले ते—बघ, पेशंटचं लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून मी बोलत असते, काहीबाही, रोज वेगळं सांगते. सगळं खरं नसतं त्यात. भुलेचं औषध डोक्यातही चढतं कुणाकुणाच्या, माणूस भलतंच ऐकतो. तू कशासाठी आला होतास? दाढ तर खरंच किडलेली होती, बघितली मी, काही सोंग नव्हतं. दाढेसाठीच आला होतास ना? मग फोटोबद्दल कशाला विचारलंस? अर्धा चेहरा आहे त्यात. अर्ध्या चेहऱ्यानं काय ओळखतं माणूस.

हात कशाला वर करतोस? दुखतंय? बोटं काय दाखवतोस—दहा. हं. आणि दोन.

खाली घे हात. तेरा होत्या. मीच वळल्या होत्या, मला माहीत नाही तर कुणाला. पट्टी मोठी होती त्या वेळची.

खाली घ्या म्हणते ना हात.

हे बघा. आता नीट ऐकायचं. बोळा अर्धा तास दाबून धरायचा, मग काढून टाकायचा. थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, थुंकलं की खळगा उघडा पडतो आणि पुन्हा रक्त. गरम काही घ्यायचं नाही. गोळ्या लिहून देते, जेवणानंतर. अक्षर नाही लागलं तर औषधवाल्याला कळतं, तो माझं अक्षर वाचतो, हे पेन खराब आहे. आणि चोवीस तास बोलायचं नाही. कुणाशीच नाही, घरी नाही, बाहेर नाही, फोनवर नाही. बोललं की टाका हलतो. टाका घातलेला नाही, तरी हलतो. फी राहू द्या. घरचे आहात. जा आता. चप्पल त्या बाजूला. त्या फोटोला हात लावू नका, तो भिंतीवर बरा आहे. नका काढू म्हणते. बरं, न्या. तुमच्याच आईचा अर्धा आहे. जा.

सिस्टर, पुढच्यांना पाठवा.

सिस्टर? किती वाजले? दार उघडंच होतं का मघापासून? हेडबाई आली का? खुर्ची वाजली बाहेर आत्ता, म्हणजे आहे कुणीतरी. सिस्टर, कोण बसलंय ते सांगा ना, मान हलवून काय सांगताय, तोंडानं सांगा.

हेडबाई? साडेचार वाजून गेले असतील, म्हणजे आलीच असशील तू. ये की आत. कवळीचं माप घ्यायचंय, मेण गरम करून ठेवलंय मी. अगं तो काहीतरी—आपली नेहमीची गंमत, तुला माहीत आहे मी कशी बोलते ते.

ए हेडबाई.

ए. ओ दे ना गं.